ओत्सोची चाल

ओत्सो गेला तो जूनमध्ये, तळ्यावर जाळी ओढता ओढता. होडी वाऱ्यानं आपोआप काठाला लागली, तेव्हा तो तळाशी आडवा पडलेला होता आणि शेजारी मासे अजून तडफडत होते. आमच्याकडे जूनमध्ये अंधार पडतच नाही. त्यामुळं तो संध्याकाळी गेला की पहाटे, हे कुणालाच नीट सांगता आलं नाही. हृदय थांबलं, एवढंच डॉक्टर म्हणाले.

त्याच्या जागी मला बोलावलं. मी वेर्नेरी. तरुणपणी फिनलंडच्या स्की-संघाच्या उंबरठ्यापर्यंत गेलो आणि उंबरठ्यावरच राहिलो. नंतर गावातल्या शाळेत सुतारकाम शिकवायला लागलो. आता मला हेल्काच्या पुढं स्की करायची होती. हेल्काला लहानपणापासून दिसत नाही. आंधळ्यांच्या शर्यतीत पुढं एक डोळस माणूस वाट दाखवत जातो आणि मागून स्पर्धक येतो. बहुतेक जण कमरेला भोंगा बांधून सारखे ओरडत असतात, डावीकडे, चढ, उतार, सांभाळ. ओत्सो बोलतच नसे. तो शाळेची बस चालवायचा आणि बसमध्येही त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्याच्या काठ्यांची टोकं बर्फात रुतताना जी कर्र व्हायची, तिच्या मागोमाग हेल्का वर्षानुवर्षं धावली आणि पदकं घेऊन आली.

आमच्या गावात गेल्या हिवाळ्यातला बर्फ लाकडाच्या भुशाखाली राखून ठेवतात आणि ऑक्टोबरात मैदानावर पसरतात. म्हणजे ज्या बर्फात ओत्सोच्या काठ्या रुतल्या होत्या, त्याच बर्फावर माझा पहिला दिवस उजाडला. पहिल्याच वळणावर हेल्का माझ्या पाठीवर आदळली. दुसऱ्या वळणावर कुंपणात गेली.

"तू स्की करतोयस की बटाटे खणतोयस?" कपडे झटकत तिनं विचारलं.

"का? काय झालं?"

"काठी कुठं पडते तुझी, पत्ताच लागत नाही. मला वाटतं, पुढं तीन माणसं चाललीत आणि तिघांचं भांडण झालंय."

"मग मी बोलत जाऊ का?"

"रेडिओ आहे माझ्या घरी."

असे दोन-तीन आठवडे गेले. तिच्या अंगावर निळे डाग उमटले आणि माझी उमेद खचत चालली. तेव्हा इंकेरी मध्ये पडली.

इंकेरी म्हणजे क्रीडासंस्थेतली संशोधक पोरगी. तोंडात सदा खारट काळ्या गोळ्या. गेल्या हिवाळाभर तिनं हेल्काच्या अंगावर काड्यापेटीएवढे सेन्सर बांधले होते. छातीवर एक, दोन्ही मनगटांवर, दोन्ही बुटांवर. शरीर किती झुकलं, हात कधी मागं गेला, पायानं कधी रेटा दिला, सगळं त्यात उमटायचं. तिचा अभ्यास हेल्काच्या तंत्राचा होता. ओत्सोलाही तिनं सेन्सर बांधले होते, पण फक्त दोघांच्या वेळा जुळवून बघायला. त्याच्या रेघांकडं स्वतंत्रपणे बघायचं कारणच नव्हतं.

तिनं मला पडद्यावर दाखवलं. ओत्सोची रेघ आणि हेल्काची रेघ, एक माणूस आणि त्याची सावली चालावी तशी. मग माझी रेघ दाखवली. मी म्हटलं, "हे तर कुंपणात पाय अडकलेलं रेनडिअर दिसतंय."

"ओत्सोची लय तुला शिकता आली तर?" इंकेरी म्हणाली.

"माणूस गेला. लय कुठनं आणणार?"

"इथं आहे ना," ती पडद्यावर बोट ठेवून म्हणाली.

तिनं दोन पट्ट्या तयार केल्या, मनगटांवर बांधायच्या. जंगलातल्या चाकोरीवर मी ज्या वळणावर असेन, त्या वळणावर ओत्सोची काठी ज्या क्षणी रुतली होती, त्या क्षणी पट्टी थरथरायची. उजवीकडं, डावीकडं, उजवीकडं. मी फक्त त्या थरथरीबरोबर काठी टेकायची. हेल्काला पट्ट्यांचं सांगितलं होतं. मात्र कुठल्या दिवशी त्या माझ्या हातावर असतील ते तिला सांगायचं नाही, म्हणजे फरक खरा की मनाचा खेळ ते कळेल, असं इंकेरीचं म्हणणं.

"आंधळीवर आंधळी चाचणी?" हेल्का हसली. "छान. डोळे बांधायचा खर्च वाचला तुझा."

नोव्हेंबरात जंगलात बर्फ साचला आणि मी एकटाच पट्ट्या बांधून सराव सुरू केला. पहिल्यांदा सगळं अंग विरोध करत होतं. दुसऱ्याची चाल म्हणजे दुसऱ्याचे बूट, जिथं नको तिथं चावतात. पण हळूहळू हात ऐकायला लागले. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चढावर डावी पट्टी किंचित उशिरा थरथरायची, अगदी पापणी लवावी एवढाच उशीर. मला वाटलं, हीच त्याची कला असणार, यातच हेल्काला सूचना मिळत असणार. ती लकब मी मन लावून घोटली.

ओत्सोच्या घरामागच्या टेकडीचा चढ संपला की पट्ट्या एकदम गप्प व्हायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, बिघडल्या. इंकेरी म्हणाली, "नाही, तो थांबायचा तिथं. हेल्काला विचारलं मी. बुटाचा बंध घट्ट करायचा म्हणे."

मग मीही थांबायला लागलो.

ज्या दिवशी पहिल्यांदा पट्ट्या बांधून हेल्काच्या पुढं गेलो, त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही. टोमणा नाही, शिवी नाही. मागून फक्त तिच्या स्कींची सळसळ, माझ्या इतक्या लगत की जणू माझ्याच पायांतून येतेय. आम्ही वाऱ्यासारखे गेलो. तसं मी आयुष्यात कधी गेलो नव्हतो. टेकडी चढलो. वर पट्ट्या गप्प झाल्या आणि मी थांबलो. मागची सळसळ त्याच क्षणी थांबली. धक्का नाही, काही नाही.

पाइनच्या फांदीवरून बर्फाचा ढिगारा खाली पडला. मग हेल्का हलकेच म्हणाली, "बंध सैल झाला का रे?"

मी वळून बघितलं. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याकडं नव्हता. माझ्या डोक्याच्या बराच वर, रिकाम्या हवेकडं होता. ओत्सो माझ्यापेक्षा वीतभर उंच होता.

तेवढ्यात पट्ट्या पुन्हा थरथरल्या आणि माझे हात माझ्या आधी निघाले.

खाली आल्यावर तिनं विचारलं, "आज कोण होतं पुढं?"

"मी."

"ते माहितीय मला," ती म्हणाली. "पण कोण होतं?"

इंकेरी खूश होती. दोन्ही रेघा जुळल्या होत्या, वेग वाढला होता. पट्ट्या नसलेल्या दिवशी पुन्हा धडपड व्हायची. त्यामुळं तसे दिवस कमी कमी होत गेले आणि चाचणीचं कुणी नाव काढेनासं झालं. हेल्का ताजीतवानी दिसायला लागली. सरावाला येताना ती आता केस नीट बांधून यायची, घरून गोड पाव करून आणायची. पाव एक जास्त असायचा, आणि तो कुणीच खायचं नाही.

आणि मी? शाळेत रंधा मारताना माझा डावा हात अडखळायला लागला. पोरं हसायची. सौनात, आमच्या वाफेच्या न्हाणीत, तापलेल्या दगडांवर पाणी टाकायला गेलो, तर हात मागं राहिला आणि पाणी फळीवर सांडलं. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायची सवय लागली. बायकोनं विचारलं, "दुखतंय का काही?" काहीसुद्धा दुखत नव्हतं. पण थांबल्यावर बरं वाटायचं. आणि त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटायला लागली.

डिसेंबरच्या सुरुवातीला एके दुपारी आम्ही तिघं स्कींना मेण लावायच्या खोलीत होतो. बाहेर उजेड विझत आला होता. दार उघडलं आणि लेम्पी आत आली, ओत्सोची बायको. पायांत घरातल्या सपाता, त्यांवर बर्फ, आणि हातांना पावाचं पीठ.

"टेकडीवर कोण होतं?" तिनं विचारलं.

लेम्पीनं आमच्याकडं एकेक करून बघितलं.

"माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेकडी दिसते. मी रोज तिकडं बघत नाही. आज बघितलं. मी हाक मारली त्याला. खिडकी उघडून, गावाला ऐकू जाईल अशी हाक मारली. कोण होतं?"

"मी होतो, लेम्पीबाई," मी म्हणालो.

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तू कुणाचा? सुतारमास्तर ना तू? हे कुठं शिकलास?"

इंकेरीनं सांगायचा प्रयत्न केला. पट्ट्या, सेन्सर, गेल्या वर्षीच्या नोंदी. लेम्पीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मेलेल्या माणसालाही सुट्टी नाही होय तुमच्याकडं?" ती म्हणाली. "आणि शिकवलंत तरी काय! ही त्याची चाल नाही. ही टेकडी तो सशासारखा चढायचा. वर येऊन खिडकीकडं काठी हलवायचा आणि गेला, दिसेनासा. हे असं डावा हात ओढत चढणं गेल्या हिवाळ्यातलं. मी विचारलं, तर म्हणाला, खांदा धरलाय."

"मला म्हणाला, बंध सैल झालाय," हेल्का म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती. "रोज तेच. मी म्हटलं, नवे बूट घे की चिंगूस. तर हसला."

इंकेरी पडद्याकडं वळली. काहीतरी मागं-पुढं केलं. तोंडातली गोळी चघळायची थांबली.

"वाकला नाही तो," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बंध बघायचा तर वाकायला लागतं. छातीवरचा सेन्सर झुकायला हवा. झुकलेला नाही. एकदाही नाही. तो नुसता उभा आहे, हात खाली सोडून. आणि ही बारीक लाट दिसते ना, हा श्वास आहे. जानेवारीत एवढा. आणि मार्चमध्ये..." मार्चमधली लाट सगळ्यांना दिसत होती. हेल्काला सोडून.

"धापा टाकत होता," हेल्काच म्हणाली. "मला ऐकू येत होतं."

मेणाची इस्त्री तशीच तापत होती. जळका वास सुटला तेव्हा मी ती बंद केली.

"एप्रिलच्या शेवटच्या शर्यतीनंतर मी त्याला बोलले," हेल्का सांगत होती, लेम्पीला. "मला वाटलं, तो माझ्यासाठी हळू चालतोय. मी म्हातारी झाले, मला झेपत नाही, असं त्याला वाटतं. म्हणून काठी मागं पडतेय, म्हणून मध्येच थांबतोय. मी म्हटलं, दया नको करूस माझ्यावर. जमत नसेल तर सरळ सांग, दुसरा बघते. बसमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं. तो म्हणाला, बरं पोरी. एवढंच. मला सगळं ऐकू येत होतं, लेम्पी, आणि मी ते माझ्यावर घेतलं."

मला वाटलं, लेम्पी तिला जवळ घेईल, नाहीतर तडातडा बोलेल. तिनं दोन्ही केलं नाही. ती खुर्चीवर बसली आणि हाताचं सुकलेलं पीठ खरवडत राहिली.

"मला दिसत होतं," ती म्हणाली. "खांद्याला लावायला मलम आणून दिलं मी."

मग ती उठून पडद्याजवळ गेली. "कुठली त्याची?" इंकेरीनं दाखवली. टेकडीवरच्या त्या थांब्यापाशी लेम्पीनं बोट ठेवलं आणि रेघ पुन्हा चालू होते तिथवर सावकाश ओढत नेलं. काचेवर पिठाचा पट्टा उमटला. "इथून पुढं आमचं घर," ती म्हणाली. "उतार आहे नुसता. घरी आला असता तर कॉफी दिली असती."

जाताना तिनं माझी दोन्ही मनगटं धरली. "हे आधी काढ याच्या हातातनं," ती इंकेरीला म्हणाली. "आणि तू डॉक्टरकडं जाऊन ये."

मी गेलो. डॉक्टर म्हणाली, हृदय ठणठणीत आहे, उगाच वेळ घेऊ नका.

इंकेरीनं पट्ट्या कपाटात टाकल्या. पण माझ्या हातांना ते कुणी सांगितलं नव्हतं. पट्ट्यांशिवाय घेतलेल्या पहिल्याच नोंदीत माझी डावी काठी तेवढीच मागं पडत होती, पापणी लवावी एवढी. इंकेरीचा चेहरा उतरला, पण तिनं लपवलं नाही. "अजून आहे," ती म्हणाली. मेणाच्या खोलीतल्या त्या दुपारनंतर तिनं एक नियम करून टाकला होता. जे उमटेल ते त्याच दिवशी, त्या माणसाच्या तोंडावर सांगायचं.

हेल्का बरेच दिवस सरावाला आली नाही. फोन केला तर उचलायची नाही. मला वाटलं, संपलं हे सगळं. मग नाताळच्या अगोदर एक दिवस ती आपली आपण चाकोरीवर हजर. "चल," एवढंच म्हणाली.

आम्ही निघालो. चढावर माझी डावी काठी मागं पडते आहे हे मला जाणवत होतं आणि ती दुरुस्त करायला गेलो की पाय चुकत होते. टेकडीवर पोचलो. पाय थांबले. मी थांबवले नव्हते. मागची सळसळ थांबली.

"वेर्नेरी?" तिनं हाक मारली. नावानं.

"हो."

"दमलास?"

"नाही."

"बंध?"

"बंध घट्ट आहे. का थांबलो ते मला माहीत नाही."

खाली लेम्पीच्या धुराड्यातून बर्चच्या लाकडाचा वास येत होता. मग हेल्का म्हणाली, "सरक बाजूला. आज मी पुढं."

"डोकं फिरलंय का तुझं? पुढं उतार आहे."

"या उतारावर मी तुझ्या आधीपासून पडतेय. सरक. आणि तोंड बंद ठेवून माझ्या काठ्या ऐक."

आणि गेली. दिसत नसलेली बाई पुढं आणि मी डोळस तिच्या मागं, कान लावून. तिच्या काठ्यांचा आवाज तोवर मी कधी ऐकलाच नव्हता, तो कायम माझ्या मागं राहिला होता. आखूड, रागीट, जरा घाईचा. तळाशी ती चाकोरी सोडून झुडपात घुसली आणि टोपीसकट बर्फात बसली. मी धावत पोचलो, तर ती हसत होती. हसता हसता रडायला लागली, आणि मी तिच्या शेजारी बर्फात बसून राहिलो.

त्यानंतर कित्येक दिवस आम्ही तसाच सराव केला. पहिला फेरा ती पुढं, मग मी. कुठल्याही पुस्तकात न बसणारा प्रकार. इंकेरी नोंदी घेत राहिली आणि रोज सांगत राहिली, अजून आहे, आज थोडं कमी, आज पुन्हा आहे. हेल्का अधूनमधून अजूनही माझ्या डोक्याच्या वर बघून बोलायची. मी तिला कधी टोकलं नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस शर्यत झाली. आम्ही चौथे आलो. पदक हुकलं, पण कुणाच्या पाठीवर कुणी आदळलं नाही. परतताना पेट्रोलपंपावरच्या कॅफेत थांबलो. मी सांगून टाकलं, "अगं, काल शाळेत रंधा मारत होतो. हात अडखळला नाही."

"माहितीय," हेल्का म्हणाली. "बुधवारी गेला तो."

"कोण?"

ती कपातली कॉफी ढवळत राहिली. "बुधवारी चढावर तुझ्या दोन्ही काठ्या वेळेवर पडल्या. मी म्हटलं, वर थांबेल. नाही थांबलास. सरळ उतरलास."

मला आठवेना. खरंच आठवेना. "मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं?" ती म्हणाली. "मला वाटलं होतं, मला हलकं वाटेल. घरी गेले, बूटसुद्धा न काढता ओसरीत बसले. जूनमध्ये रडले नव्हते एवढी रडले."

दुसऱ्या दिवशी मी लेम्पीकडं गेलो. तिला कसं सांगावं याची वाटभर जुळवाजुळव करत होतो. तिनं दार उघडलं, मला आत घेतलं आणि आमच्याकडच्या रीतीनं कपात भाजलेल्या चीजचे तुकडे टाकून वरून कॉफी ओतली.

"बुधवारी ना? वर थांबला नाहीस," ती म्हणाली, मी तोंड उघडायच्या आधीच.

मी मान हलवली. तिनं कप माझ्यापुढं सरकवला आणि खिडकीकडं पाठ करून बसली.